लाल जाजमावरचे मामेसासरे

पुसदमध्ये बाकीची माणसं नुसती येत. आगमन फक्त आमच्या मामेसासऱ्यांचं होई. वांगी आणायला बाजारात जायचं असलं तरी ते कोपऱ्यावर क्षणभर थांबत, टोपी सारखी करत, डावा पाय आधी टाकत आणि भाजीच्या ढिगाकडे असं पाहत, की वांग्यांना पाय असते तर ती उठून उभी राहिली असती. साठ सालच्या आगेमागे पोस्टाच्या नोकरीत माझी पुसदला बदली झाली आणि ते बायकोचे सख्खे मामा म्हणून त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड केलं. पहिल्या दिवशी पोस्टात रुजू होऊन संध्याकाळी परतलो, तर ते ओट्यावर माझी वाट पाहत होते. सकाळी माझ्या नकळत ते मागोमाग आले होते आणि समोरच्या पानठेल्यावर उभं राहून त्यांनी माझं रुजू होणं पाहिलं होतं. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही पोस्टात शिरलात तसं माणूस शिरत नाही. तसं टपाल शिरतं."

ते गावातल्या टॉकीजचे मॅनेजर होते. टॉकीज घराला लागूनच, मधे एक बोळ तेवढा. इतकी वर्षं त्या टॉकीजमध्ये काढूनही त्यांनी एकही सिनेमा अथपासून इतिपर्यंत पाहिला नव्हता, आणि याची त्यांना खंतही नव्हती. पडद्यावर काय चालतं हा त्यांच्या मते ऑपरेटरचा प्रश्न होता. माणसांनी आठवड्यातून एकदा धुतलेले कपडे घालून एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नीट चालावं, यासाठी सिनेमा काढलेला आहे, आणि चालणाऱ्यांना शेवटी कुठेतरी बसवायचं म्हणून आत खुर्च्या आहेत, अशी त्यांची समजूत होती. रिळांच्या पेट्यांबरोबर मुंबईहून सिनेमाची साप्ताहिकं येत. त्यातल्या गोष्टी, गाणी, लफडी ते वाचत नसत. नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला नट-नट्या मोटारीतून उतरतात त्या फोटोंवर मात्र ते भिंग धरून बसत. त्या अभ्यासातून त्यांनी काही नियम काढले होते. मोटारीचं दार स्वतः उघडायचं नाही. उतरल्यावर लगेच चालू लागायचं नाही. हसायचं ते आधी डावीकडे. एकदा घातलेलं पुन्हा घालायचं नाही. आणि कपड्याची किंमत कोणी विचारायची नाही, कोणत्या शिंप्याने शिवलं ते कळावं म्हणून विचारायचं ते एवढंच: "हे कोणाचं?" पहिल्यांदा हा प्रश्न त्यांनी आमच्या पोस्टमास्तरांना विचारला, तेव्हा ते बिचारे घाबरून म्हणाले, "माझंच आहे हो."

स्वतः ते दर शुक्रवारी गुडघ्याखाली येणारा काळा लांब कोट घालत. यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. ऊन लागू नये म्हणून त्यांच्या डाव्या खिशात कांदा असे, आणि उजव्या खिशात, कांद्याचा वास येऊ नये म्हणून, अत्तराचा फाया. दोन्ही आपापलं काम चोख करत, त्यामुळे ते जवळ आले की कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटे. कोट अंगात असला की ते पुस्तकातली मराठी बोलत. कोट खुंटीला गेला की दुसऱ्या क्षणी आमच्या मामीला हाक येई, "काहून वं, च्या ठेवून राह्यली का नाही?"

लाल जाजम त्यांनी यवतमाळच्या एका मंडपवाल्याकडून आणलं. ते तसं लाल नव्हतं, मुळात सतरंजीच होती आणि बऱ्याच कीर्तनांनी तिचा रंग विटला होता. पण फाटकापासून दारापर्यंत पुरत होती. पहिल्या शुक्रवारी ती अंथरली आणि मामा कोटात उभे राहिले. आलेल्या पहिल्याच कुटुंबाने जाजम पाहिलं, मुकाट्याने चपला काढल्या, त्या कडेला ओळीने मांडल्या आणि सगळे मांडी घालून जाजमावर बसले. मागून आलेले त्यांच्या मागे बसले. बघता बघता जाजम भरलं. एका म्हाताऱ्याने हात जोडून मामांना विचारलं, "महाराज कवा येतेत?" मामांनी त्यांना उठवून, चपला घालून, पुन्हा चालायला लावलं. त्यावर म्हातारा म्हणाला, "जाजमावर जोडे घालून चालू? आमाले का घरचं वळण नाही?" आणि तो तिकीट परत करून निघून गेला. पुढे कितीतरी आठवडे गेटकीपर सुखदेवचं मुख्य काम तिकिटं फाडण्याचं नसून "चपला राहू द्या, चपला राहू द्या" असं ओरडण्याचं होतं.

हा सुखदेव मामांना एकदाच उलटून बोलला. शुभ्र कपड्यांत आगमन होत नाही, असा मामांचा एक नियम होता; पांढरं म्हणजे एकतर पुढारी नाहीतर सुतक. सुखदेव नेमका एका शुक्रवारी पांढरं धोतर, पांढरा सदरा घालून फाटकावर उभा. मामांनी नियम सांगितला. सुखदेवने तिकिटांचा गठ्ठा खाली ठेवला. "साहेब, छप्पन साली आमी घरदार घेऊन नागपूरले गेलतो. लाखो मानूस होता. समदा पांढऱ्यात. त्या दिवशी आमी मानसं म्हनून उभे राह्यलो. याच्याहून मोठं आगमन कोनतं, तुमी सांगा." मामांनी त्याच्या सदऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "पांढरं चालेल. पण इस्त्री कडक पाहिजे." सुखदेव म्हणाला, "तवाबी कडकच होती." तो नियम त्या दिवशी रद्द झाला, आणि मामांनी रद्द केलेला तो मला माहीत असलेला एकमेव नियम.

पुन्हा तेच न घालण्याचा नियम मात्र कायम राहिला. गावातल्या प्रत्येक बाईचं प्रत्येक लुगडं त्यांच्या ध्यानात असे. चेहऱ्यांकडे ते कधी पाहत नसत. रस्त्यात एखादीने नमस्कार केला तर ते आधी काठ पाहत आणि मग नाव घेत. एका शुक्रवारी त्यांनी एका वकिलीणबाईंना अतिशय नम्रपणे सांगितलं, "वहिनी, हे मागच्या खेळाला होतं." वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी भांडायला आले. पण त्या गल्लीतल्या बायका नवऱ्यांपेक्षा शहाण्या होत्या. त्यांनी आपसांत लुगडी बदलायला सुरुवात केली. वकिलीणबाईंचं हिरवं डॉक्टरीणबाईंच्या अंगावर, डॉक्टरीणबाईंचं अंजिरी शाळेतल्या बाईंच्या अंगावर. मामांनी अर्थात ओळखलं. मला वाटलं आता रागावतील, पण ते गहिवरून म्हणाले, "मुंबईला हीच रीत आहे, जावईबापू. तिथल्या नट्या कपडेपटातून मागून आणतात आणि सकाळी परत करतात. पुसद सुधारलं."

या सगळ्यात आमच्या मामी कुठेच नव्हत्या. त्या बोळाच्या अलीकडे, आपल्या स्वयंपाकघरात असत. टॉकीजमधली गाणी त्यांना भिंतीतून पाठ झाली होती, पण ती कोण म्हणतं हे त्यांनी पाहिलं नव्हतं. "येता का शुक्रवारी?" असं मी एकदा विचारलं, तर हसून म्हणाल्या, "मले कायले? तुमच्या मामाले पोळी गरम लागते."

आणि मग ती बातमी आली. आमच्या टॉकीजला लागणाऱ्या एका हिंदी सिनेमात नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम करणारी एक मराठी मुलगी आईबरोबर नांदेडहून नागपूरला मोटारीने जायची होती, आणि वाटेत शुक्रवारच्या साडेसहाच्या खेळाला पुसदला थांबणार होती. टॉकीजच्या मालकांनी हे मामांना सांगितलं तेव्हा मामा खुर्चीवर बसले, मग उठले, आणि कोट झटकायला लागले. त्यांच्या आयुष्यात प्रथमच कोणीतरी खरोखर मोटारीतून उतरून त्या जाजमावर चालणार होतं. आठवडाभर त्यांना झोप नव्हती. जाजम धुऊन लाल रंगात बुडवून काढलं; त्याचा रंग मामांच्या हातांना बसला तो पुढे महिनाभर होता. मोटारीचं दार उघडायची तालीम सुखदेवने टॉकीजच्या कपाटाच्या दारावर केली. गावातल्या एकुलत्या फोटोग्राफरला फाटकाशी उभा केला. हार धरायचा मान मला. मामा स्वतः जाजमाच्या टोकाला उभे राहून तो प्रश्न विचारणार होते, "हे कोणाचं?", आणि त्याच क्षणी फोटो निघणार होता.

शुक्रवारी चार वाजल्यापासून गाव जमलं. माझी बायको नव्या पातळात बायकांच्या गर्दीत पुढे उभी होती. सगळ्यांच्या माना महागावच्या रस्त्याकडे वळलेल्या. पाच वाजले, सहा वाजले. उन्हं उतरली. मोटार नाही. मालक घड्याळ पाहायला लागले. मामांच्या कोटाच्या पाठीवर घामाचा नकाशा पसरत चालला होता, पण ते हलले नाहीत. "मोठी माणसं उशिराच येतात," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला बारीक वाटला.

मोटार येणार नव्हतीच. ती महागावपाशी बंद पडली होती. मायलेकी मागून आलेल्या एस.टी.त उभ्याने पुसदला पोचल्या, आणि "मॅनेजरांचं घर कुठे" असं विचारत मागच्या गल्लीने थेट मामींच्या दारात आल्या. नंतर मामींनी माझ्या बायकोला जे सांगितलं ते असं: "मले वाटलं, कोन्या गावच्या बाया सिनेमाले आल्या. पोट्टी धुळीनं माखली होती, लुगड्याले गाडीचं काळं तेल. मोटार ढकलली म्हने. मी म्हटलं, आधी हातपाय धुवा, मंग जेवा. पोट्टी उपाशी होती वं. तीन पोळ्या खाल्ल्या वांग्याच्या भाजीसंगं." जेवून झाल्यावर त्या मुलीने संकोचत विचारलं, की पेट्या मोटारीतच राहिल्या आहेत, मला लोकांसमोर जायचं आहे, एखादं धड पातळ मिळेल का? लोकांसमोर जायचं म्हणजे लग्नाला नेसतात तसं काहीतरी हवं, असं मामींनी समजून घेतलं. त्यांनी ट्रंक उघडली आणि तळाचं जांभळं, पिवळ्याधमक काठाचं नागपुरी लुगडं काढलं. स्वतःच्या हाताने तिला नेसवलं, आणि लोकांत जायचं म्हणून डोक्यावरून पदर चांगला पुढपर्यंत ओढून दिला. बोळातून वाट दाखवली, दमलेल्या तिच्या आईला लवंडायला चटई दिली आणि आपण भांडी घासायला बसल्या.

सगळं गाव रस्त्याकडे पाहत असताना बोळातून एक बाई आली आणि जाजमावर चढली. मामांनी मान वळवली. चेहरा पाहायची त्यांना सवयच नव्हती. दिसला तो काठ. जांभळं अंग, पिवळा काठ, डोक्यावर पदर. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या तोंडावरची मुंबई उतरली. ते कोट विसरले, फोटोग्राफरला विसरले, मालकांना विसरले. एक बोट उगारून, सगळ्या पुसदसमोर ते ओरडले, "तू कायले आली वं इथं? घरी पोळ्या कोन करन?"

ती बाई थांबली. तिने पदर थोडा मागे घेतला. मग शांतपणे म्हणाली, "पोळ्या झाल्या. वांग्याची भाजीही झाली. मी जेवूनच आले."

तेवढ्यात फोटो निघाला.

आधी तिला माझ्या बायकोने ओळखलं. ती किंचाळली, आणि मग जो हशा झाला तो, मला वाटतं, यवतमाळला ऐकू गेला असावा. मी हार कोणाच्या गळ्यात घातला ते मला आजही सांगता येत नाही. मुलगी स्वतःच पुढे आली, मामांना वाकून नमस्कार करून म्हणाली, "चला मामा, आत जाऊ." पण मामा गेले नाहीत. खेळ सुरू झाला, माणसं आत गेली, आणि ते जाजमाच्या टोकाला तसेच उभे राहिले. मी जवळ गेलो. "जावईबापू," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांना चालायला शिकवलं आणि मला बोलता आलं नाही." मग त्यांनी कोट काढला, सुखदेवच्या हातात दिला आणि बोळातून घरी गेले. सुखदेव खेळ सुटेपर्यंत तो कोट दोन्ही हातांवर धरून उभा होता.

शनिवारी सकाळी मामांनी जाहीर केलं, की ते मालकांकडे जाऊन नोकरी सोडणार. चहाही घेतला नाही. मामी चुलीशी बसल्या होत्या, पण त्यांचा चेहरा काही वेगळाच होता. माझ्या बायकोने विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "ते लुगडं यायनंच आनलं होतं, मी या घरात आली तवा. एकदाच नेसलं मी. मले वाटे, यायले जगाचे काठ ध्यानात राह्यतेत, आपला कायचा? अन् अंधार पडत आलेला, तरी वळखलं."

एवढ्यात मायलेकी डाकबंगल्यावरून आल्या. मोटार दुरुस्त होऊन आली होती, आणि लुगडं परत करायचं होतं. मामा माजघराच्या दाराआड गेले. मुलीने त्यांना हाक मारली. दार हललं नाही. मग ती दाराकडे तोंड करूनच बोलली. "मामा, मुंबईला मी अशी पुष्कळ वेळा चालले. मोटारीतून उतरायचं, थांबायचं, हसायचं. अंगावरचं सगळं दुसऱ्याचं. लोक विचारतात, हे कोणाचं, ते कोणाचं. पण तू कशाला आलीस, असं कोणी विचारलं नव्हतं. ते माझं मीच मनात विचारायची." मग मामा बाहेर आले, बंडीत, हात अजून लाल. त्यांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण म्हणाले, "तुमी तर अगदीच लहान आहात हो."

लुगडं मामींनी परत घेतलं नाही. त्यांनी मुलीला पाटावर बसवून तिची ओटी भरली, तांदूळ, नारळ आणि वर ते जांभळं लुगडं. तिची आई म्हणाली, "अहो, हे असं कसं? इतकं चांगलं." मामी म्हणाल्या, "नेसवलेलं परत घेतेत का? माहेरचं समजा." मोटारीपर्यंत पोचवायला आम्ही सगळे गेलो. दार उघडायला सुखदेव पुढे झाला होता, पण मामांनी त्याला थांबवलं आणि स्वतः उघडलं. मुलगी आत बसताना रडत होती आणि हसत होती. कोणत्या बाजूला, ते मामांनी पाहिलं नाही.

नोकरी सुटली नाही. मालकांनी ऐकूनच घेतलं नाही. गाव पुढच्या शुक्रवारी सिनेमापेक्षा मामांना पाहायला जास्त आलं होतं. कितीतरी दिवस बाजारात बायका एकमेकींना "तू कायले आली वं?" म्हणून हसत, आणि मामा ते निमूट ऐकत. हळूहळू मुलीचे सिनेमे येत राहिले. आधी ती बहीण असे, मग मैत्रीण, मग लग्नाच्या गर्दीतली एक. मामा तिच्यापुरते आत जाऊन मागच्या भिंतीशी उभे राहत आणि ती दिसली की बाहेर येत. "आहे," एवढंच मामींना सांगत. मग एका सिनेमात ती नव्हती, पुढच्यातही नव्हती. मामींनी त्यानंतर विचारणं सोडलं.

माझी बदली आधी वणीला झाली, मग मुकुटबनला. साठचं दशक सरत आलं तेव्हा आम्ही दोघं एकदा पुसदला गेलो. मामा आता निवृत्त होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. डोळ्याला पट्टी बांधून माणसांत कसं जायचं, हा त्यांचा प्रश्न होता. संध्याकाळी ओट्यावर बसलो. साडेसहाच्या खेळाला माणसं चालली होती. मामा त्यांच्या पावलांकडे कान देऊन होते. पूर्वी अशा वेळी ते कोणी काय घातलं ते सांगत. आता मलाच म्हणाले, "जावईबापू, लोकं कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." त्यांनी समाधानाने मान हलवली.

मामी चहा घेऊन बाहेर आल्या. कप हातात देताना त्यांचा पदर मामांच्या बोटांत आला. मामांनी तो धरून ठेवला आणि दोन बोटांत चोळून पाहिला. पुष्कळ धुण्यांनी मऊ झालेलं ते रोजचं लुगडं होतं; काठाचा रंगही उरला नव्हता.

"हे नवं दिसते," मामा म्हणाले.

मामींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," त्या म्हणाल्या, "नवंच आहे," आणि पदर सोडवून न घेता तशाच त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या.